बित्तोरने सांगितलेले पाच शब्द

इतुराल्देचा चोमिन हवामानाच्या बातम्यांवरसुद्धा विश्वास ठेवत नसे. रेडिओने ऊन सांगितलं की हा गवतावर ताडपत्री ओढायचा, आणि पाऊस सांगितला की रेडिओकडे डोळे बारीक करून विचारायचा, "तुला रे कोणी सांगितलं?" डॉक्टरने गोळी बदलली तर जुनीत काय खोट होती ते विचारायचा, नाही बदलली तर डॉक्टर आळशी आहे म्हणायचा. अस्पेइतिया गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर त्याचं घर. इतुराल्दे हे त्या घराचं नाव. आमच्याकडे माणूस घराला नाव देत नाही, घर माणसाला देतं. चोमिनचं आडनाव फक्त पोस्टमनला ठाऊक होतं, आणि पोस्टमनवरही चोमिनचा संशय होताच.

चार वर्षांपासून त्याचा उजवा हात थरथरत होता. त्याचं कोणाला नवल वाटलं नाही. त्याचा बाप थरथरला होता, धाकटा चुलता थरथरला होता, थोरली बहीण तर सूप पिता पिता अर्धं सूप टेबलाला पाजायची. आमच्या खोऱ्यात अशी घरं बरीच आहेत. शहरातल्या इस्पितळाचे लोक येऊन रक्त घेऊन गेले आणि वर्षभराने सांगत आले, की हा पार्किन्सन जनुकातून येतो, आईबापांकडून लेकरांकडे. "हे तर माझ्या आजीनेही सांगितलं असतं," चोमिन म्हणाला, "तेही सुई न टोचता." वर त्याने विचारलं, उरलेलं रक्त कुठे ठेवलंय.

मग ते लोक दर वर्षी बोलावू लागले. हात बघायचे, चालायला लावायचे, आणि शेवटी डोक्याची तपासणी. घड्याळाचं चित्र काढा, शंभरातून सात-सात वजा करत चला, पाच शब्द लक्षात ठेवा आणि थोड्या वेळाने म्हणून दाखवा. शब्द दर वर्षी नवे. खोऱ्यातली म्हातारी मंडळी याला 'पेपर' म्हणायची आणि बाहेर आल्यावर शाळकरी पोरांसारखी एकमेकांना विचारायची, तुला किती? आमच्याकडच्या थरथरीत डोकं बहुतेक करून शाबूत राहतं, असं डॉक्टरच सांगत. तेवढाच एक अभिमान या लोकांच्या हातात उरला होता, आणि तो ते सोडत नव्हते.

या वर्षीचा पेपर मात्र नेहमीसारखा नव्हता. चोमिनला घर मुलीच्या नावावर करायचं होतं. आमच्याकडे शेतीचे तुकडे करत नाहीत. घर, कुरणं, रान, सगळं एकाच लेकराकडे जातं. बाकीच्यांनी थोडंफार घ्यायचं आणि आपली वाट धरायची. गारासी थोरली. अठरा वर्षं ती सव्वाशे मेंढ्या सांभाळत होती, त्यांच्या दुधाचं चीज करत होती. धाकटा उनाइ शहरात घरं विकायचा. तो आला की खालच्या कुरणाकडे अशा नजरेने बघायचा, जणू तिथे गवत नाहीच, नुसती जागा आहे.

नोटरीने कागद तयार केले, चोमिनच्या हाताकडे पाहिलं आणि पेनाला टोपण घातलं.

"उद्या तुमचा मुलगा म्हणेल, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं," तो म्हणाला. "तुम्हाला चार वर्षं तपासतायत ना, त्यांचा कागद आणा. दुसऱ्या कुणाचा चालणार नाही. डोकं शाबूत आहे, एवढं त्यांनी लिहिलं की सह्या करू."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर थांबायचं. मध्येच तुम्ही गेलात, तर कायद्याने घर दोघांत अर्धं-अर्धं."

अर्धं इतुराल्दे म्हणजे काय, हे चोमिनला कोणी सांगायला नको होतं. उनाइ आपलं अर्धं विकणार, आणि उरलेल्या अर्ध्यात सव्वाशे मेंढ्या उभ्याही राहणार नाहीत.

त्याच महिन्यात उनाइ ओळीने तीन रविवार आला, आणि तिन्ही वेळा केक घेऊन आला. चोमिनच्या मनात पाल चुकचुकली. वर्षातून तीनदा येणारं पोरगं!

"आइता, पेपर कधी आहे तुमचा?" दुसऱ्या रविवारी उनाइने बापाला विचारलं. "मी नेतो गाडीने."

"तुला रे काय करायचंय?"

"बापाला सोबत म्हणून विचारलं. तेही विचारायची चोरी?"

"सोबतीला गारासी आहे. तू आपला केक आणत जा."

केक त्याने खाल्ला. गारासीने आधी खाल्ल्यावर.

पण चोमिनची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात लाडकी शंका होती बित्तोरबद्दल. बित्तोर त्याचा मुसमधला जोडीदार, एकतीस वर्षांचा. मुस हा आमचा पत्त्यांचा खेळ, दोघांविरुद्ध दोघांचा, आणि त्यात आपली पानं जोडीदाराला खुणेने सांगणं ही लबाडी नाही, ते कर्तव्य आहे. खालचा ओठ चावला की दोन राजे. जिभेचं टोक दिसलं की दोन एक्के. समोरच्याची नजर वळली की झटकन करायची. फक्त खोटी खूण करायची नाही. आमच्याकडे बायकोशी खोटं बोललेला माणूस चालून जातो, पण जोडीदाराला खोटी खूण करणाऱ्याच्या अंत्ययात्रेलाही लोक पाय ओढत जातात.

बित्तोरच्या घरातही तीच थरथर होती. गेल्या हिवाळ्यात त्याचा चेहराच आखडला आणि खुणा बंद झाल्या. हातात दोन राजे असायचे आणि चेहरा भिंतीसारखा कोरा. गावच्या स्पर्धेत दोघे पहिल्याच दुपारी बाद झाले. डॉक्टर म्हणाले, या आजारात चेहऱ्याचे स्नायू हलेनासे होतात. चोमिनला ते पटलं, पण सगळंच पटलं नाही. त्याच वसंतात बित्तोरचं गळकं छप्पर नीट झालं होतं, आणि गवंडी उनाइच्या ओळखीचा होता. चोमिनने हे कोणाला बोलून दाखवलं नाही. मनात ठेवून दिलं.

तरीही बित्तोरचा पेपर आपल्या आठ दिवस आधी आहे, हे कळल्यावर तो त्या पेपरच्या दुसऱ्याच दिवशी डोंगर उतरून त्याच्याकडे गेला. हसू नका. जोडीदाराने पानं आधी पाहिली आहेत आणि ती त्याला विचारायची नाहीत, हा विचार आमच्याकडच्या माणसाच्या डोक्यात येऊच शकत नाही. जोडीदार कशाला असतो मग?

बित्तोर गावाच्या टोकाला, नदीवरच्या पुलाजवळ राहायचा. दारासमोरच्या बाकावर बसला होता, दोन्ही हात काठीवर.

"सांग," चोमिन शेजारी टेकत म्हणाला.

"काय सांग?"

"शब्द रे. काल विचारले ना तुला? या वर्षीचे पाच."

बित्तोर समोर बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला. चोमिनला वाटलं, भाव खातोय.

"द्यायचे नसले तर तसं सांग. उगाच तोंड शिवून बसू नकोस."

"देतो की. घाई कसली? लिही. शिडी."

"लिहितोय कशाला, हात बघितलास माझा? पुढे."

"घंटा." बित्तोर पुन्हा थांबला. "बदक. अक्रोड. आणि बादली."

"नक्की ना?"

"माझ्या डोक्यावर संशय घेतोस?" बित्तोरच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, पण आवाज चढला. "हात गेलाय लेका, डोकं नाही गेलं."

चोमिन सगळा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत होता, कुठे लबाडी दिसते का म्हणून. दिसली नाही.

आठ दिवस त्याने पाठांतर केलं. दूध काढताना, लाकडं रचताना, जेवताना. शिडी, घंटा, बदक, अक्रोड, बादली. गारासीने गोठ्याच्या दारातून डोकावून विचारलं, "आइता, मेंढ्यांना शाळेत घालताय का?" "तू तुझं काम कर," तो म्हणाला. पण आठ दिवसांत तिलाही ते पाच शब्द पाठ झाले.

पेपर घेणारी, नेकाने नावाची, आमच्याच बाजूची पस्तिशीची मुलगी. प्रश्न आपल्या भाषेत विचारायची, आवाज चढवून बोलायची नाही. एवढी चांगली वागते म्हणून चोमिनला ती जास्तच खटकायची. त्याने खोलीत शिरल्याशिरल्या भिंतीवरचा आरसा निरखला, मागून कोणी बघतंय का म्हणून. घड्याळ काढलं, काटे वेडेवाकडे, पण जागेवर. तिने सांगितलेली अकरा वाजून दहा मिनिटं ही वेळ कोणी ठरवली, तेही विचारून घेतलं.

"आता पाच शब्द वाचते," नेकाने म्हणाली. "नीट ऐका आणि माझ्यामागून म्हणा. नंतर पुन्हा विचारीन."

चोमिन सावरून बसला. पानं त्याच्या हातात होती.

"सुई," नेकानेने वाचलं. "लांडगा. भोपळा. पितळ. वारा."

पहिला शब्द चोमिनच्या कानात शिरला आणि बाकीचे दारातच अडकले. सुई? शिडी कुठे गेली? त्याने तिच्यामागून शब्द म्हटले, पहिल्यांदा तीन, दुसऱ्यांदा पाचही. पण ते नुसतं तोंड म्हणत होतं. डोक्यात वेगळाच हिशेब चालू होता. एकतर हिने शब्द बदलले, खास माझ्यासाठी, आणि तसं कोणीतरी हिला सांगितलं. नाहीतर बित्तोरने मला चुकीचे दिले. शंभरातून सात गेले त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, हे त्याने बिनचूक म्हटलं, आणि एकीकडे छप्पर, गवंडी, केक असं मांडत गेला. सगळं जुळत होतं. सगळं इतकं नीट जुळत होतं की तो स्वतःवरच खूश झाला.

"आता मघाचे पाच शब्द सांगा," नेकाने म्हणाली.

"शिडी, घंटा, बदक, अक्रोड, बादली," चोमिन म्हणाला. एका दमात, न अडखळता. तोंडाबाहेर पडल्यावर त्याला कळलं काय झालं ते. मग तो खरे शब्द शोधायला लागला, पण आठ दिवस घोकलेली बदकं आणि बादल्या बाजूला व्हायला तयार नव्हत्या.

नेकानेचं पेन कागदावर थांबलं.

"हे शब्द कुठून आले?"

"माझ्या डोक्यातून."

"चोमिन, विचार करून सांगा. बाकी तुमचं सगळं उत्तम आहे. पण इथे शून्य आहे, आणि असा शून्य असताना डोकं शाबूत आहे असं मी लिहू शकत नाही. तुम्हाला आधीच कोणी शब्द सांगितले असतील तर तसं म्हणा. मी ते नोंदवीन आणि दुसरे शब्द घेऊन पुढच्या आठवड्यात तुम्हाला पुन्हा तपासीन. मात्र ज्याने सांगितले त्याचं नाव द्यावं लागेल, आणि त्याला बोलावून विचारावं लागेल. नाहीतर हे असंच जाईल. पुढची तपासणी वर्षाने. सोमवारपर्यंत फोन करा."

बाहेर गाडीत गारासी थांबली होती. तिने काही विचारायच्या आत तो म्हणाला, "बित्तोरने विकलं मला."

"काय?"

"छपरासाठी विकलं. उनाइने छप्पर करून दिलं आणि याने मला खोटे शब्द दिले. गाडी त्याच्याकडे घे."

गारासीने मग एकेक गोष्ट त्याच्याकडून काढून घेतली: शब्द कोणी दिले, नेकाने काय म्हणाली, सोमवारपर्यंत काय करायचंय. ऐकून ती चिडली, कोणावर ते तिलाही ठरवता येईना. "चोरून पेपर फोडायचा, आणि वर चोराने फसवलं म्हणून रडायचं," ती म्हणाली. पण गाडी तिने पुलाकडेच घेतली.

बित्तोर बाकावर होता, तसाच. गारासी गाडीत, काच खाली करून बसली. चोमिनने रस्ताभर वाक्य तयार केलं होतं. एकतीस वर्षांत पहिली खोटी खूण केलीस, आणि तीही माझ्या घरावर. हे तो उभ्याने म्हणणार होता, पण गाडीत बसून पाय आखडले होते. तो बाकावर टेकला, बित्तोरकडे न बघता, समोर बघत.

समोर शेजाऱ्याच्या भिंतीला एक शिडी लावलेली होती. चोमिनने ती पाहिली, आणि आधी त्याला काहीच वाटलं नाही. मग पुलाखाली बदकं ओरडली.

त्याच्या तोंडातलं वाक्य तिथेच राहिलं. त्याने मान वर केली. पलीकडे मठाचा छोटा मनोरा, त्यात घंटा. नदीच्या काठाला अक्रोडाचं झाड, वर्षानुवर्षं तिथेच. राहिली बादली. बादली सापडू नये, असं चोमिनला फार मनापासून वाटलं. त्याने भिंतीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, मग नळाकडे पाहिलं. नळाखाली ती होती, निळी, अर्धी भरलेली.

म्हणजे कोणी कोणाला विकलं नव्हतं. आदल्या दिवशी ऐकलेले पाच शब्द बित्तोरला आठवले नव्हते, आणि आठवत नाहीत हेही त्याला कळलं नव्हतं. जोडीदाराने पानं मागितली. समोर दिसलं ते त्याने दिलं, खरं समजून दिलं. चोमिनला वाटलं, लबाडी असती तर किती बरं झालं असतं. लबाडाशी भांडता येतं, वर्षभर अबोला धरता येतो, आणि वर्षाने पुन्हा पत्ते पिसून बसता येतं. इथे कोणाशी भांडायचं? त्याला रडायला येत होतं आणि रागही येत होता, आणि राग ठेवायला जागाच नव्हती.

"काय रे?" बित्तोर म्हणाला. "झाला पेपर? आले ना?"

"आले."

"पाचही?"

"पाचही. एका दमात म्हटले. पोरगी बघतच राहिली."

बित्तोरचा चेहरा हलला नाही, पण खांदे हलायला लागले. तो हसत होता.

"कासिल्दा! अगं कासिल्दा, ऐकलंस का? माझ्या शब्दांवर हा पास झाला! आणि ही म्हणते मी विसरायला लागलोय. परवा गॅस चालू राहिला तर म्हणे तूच ठेवलास. मी!"

कासिल्दा, त्याची बायको, हातातल्या फडक्यासकट दारात आली. तिने नवऱ्याकडे पाहिलंच नाही, चोमिनकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं, आणि चोमिनलाही आता माहीत आहे हे तिला दिसलं. चोमिनने मान खाली घातली नाही.

"ऐकलं," ती म्हणाली. "शाबास."

"शनिवारी पत्ते," बित्तोर म्हणाला. "उशीर करू नकोस, म्हाताऱ्या."

चोमिन गाडीत येऊन बसला. गारासीने सगळं ऐकलं होतं.

"पास?" ती म्हणाली. "आइता, कोणाला फसवताय?"

"ती शिडी बघ," चोमिन म्हणाला.

तिने शिडी पाहिली. मग बाकीचं तिचं तिनेच शोधलं. शब्द तिला पाठ होते. नळापर्यंत तिची नजर गेली आणि तिने स्टीअरिंगवरचे हात मांडीवर घेतले. मग तिने गाडी डोंगराकडे वळवली.

"बित्तोरचं इस्पितळाला कळलंच असणार," घरासमोर गाडी थांबवून ती म्हणाली. "त्याचाही पेपर घेतलाय त्यांनी. मग तुम्ही नाव सांगितलं तर काय बिघडलं?"

"इस्पितळाचं इस्पितळ बघेल. नेकानेकडे ते सांगायची रीत असेल. पण मी नाव दिलं की ती त्याला समोर बसवून विचारणार, तू चोमिनला काय सांगितलंस? आणि त्याला कळणार, की आपण जोडीदाराला खोटी पानं दिली. ते त्याला माझ्यामुळे कळायला नको."

"आणि घर?"

चोमिनने खालच्या कुरणाकडे पाहिलं.

"अठरा वर्षं," गारासी म्हणाली. तिचा आवाज चिरकला, आणि त्याची तिला लाज वाटली नाही. "अठरा वर्षं मी त्या मेंढ्यांच्या मागे आहे. लग्न नाही केलं, कुठे गेले नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर उनाइ खालचं कुरण विकेल, आणि मी काय करू? बित्तोरच्या अभिमानावर मेंढ्या चारू?"

"म्हणून तुला विचारतोय," चोमिन म्हणाला. आयुष्यात त्याने कोणाचं मत कधी विचारलं नव्हतं, म्हणून ते वाक्य त्याला नीट म्हणता आलं नाही. "तू नाही म्हणालीस तर सोमवारी नाव सांगतो. घर तुझं आहे."

ती उतरली आणि दार आपटून गोठ्याकडे गेली. शनिवार गेला, रविवार गेला. रविवारी उनाइ केक घेऊन आला, पेपर कसा झाला म्हणून विचारलं. चोमिनने त्याला सांगितलं, अजून कळलं नाही. गारासी दोन्ही दिवस जेवणापुरतं बोलली. चोमिन तिच्या पाठीकडे बघत राहायचा आणि त्याला काहीच अंदाज यायचा नाही. आयुष्यभर सगळ्यांच्या मनातलं ओळखायचा, निदान तसं समजायचा.

सोमवारी सकाळी ती हात पुसत आत आली, फोन उचलला, इस्पितळाचा नंबर लावला, कारण त्याच्या थरथरत्या बोटांना ते जमत नसे, आणि फोन त्याच्या कानाला धरला.

"बोला," ती म्हणाली. "तुम्हाला जे बोलायचं ते."

"नेकाने, इतुराल्देचा चोमिन बोलतोय," तो म्हणाला. गारासीकडे त्याने एकदा पाहिलं. तिने फोन हलवला नाही. "मला कोणी काही सांगितलं नव्हतं. ते शब्द माझ्याच डोक्यातले."

"नक्की?" नेकानेने विचारलं.

"नक्की. शून्य लिही."

गारासीने फोन ठेवला. मग कोपऱ्यातल्या खुर्चीवरचा त्याचा जाड कोट उचलून तिने त्याच्या अंगावर टाकला, जरा जोरातच.

"वर्षभर मरायचं नाही, आइता," ती म्हणाली. "ऐकलंत? सर्दीनेसुद्धा नाही."